गुणिले दहा

आमच्या थोरल्या जाऊबाई कुणाच्या घरी गेल्या की आधी जमिनीकडे बघतात, माणसांकडे नंतर. लग्नाला जा, दवाखान्यात कुणाला भेटायला जा, त्यांची नजर पायाखालचं लोखंडी झाकण शोधत असते. सापडलं की मला कोपरानं ढोसतात. "जुनं मीटर आहे गं. काच पिवळी पडली असणार." एकदा एका नातेवाइकांच्या दारात त्या अशाच इतक्या रेंगाळल्या की यजमानांना वाटलं, बाईंची चप्पल तुटली. त्यांनी घरातून दुसरी आणून दिली. जाऊबाईंनी ती घातलीही. उगाच कुणाचं मन कशाला मोडा!

बावीस वर्षं त्या पालिकेच्या पाणीखात्यात मीटर वाचतात. खांद्याला पिशवी, पिशवीत झाकण उचलायची आकडी, टॉर्च, फडकं, वही आणि एक हातआरसा. आरसा तोंड बघायला नाही. काही मीटर भिंतीकडे तोंड करून बसवलेली असतात, रुसलेल्या सुनेसारखी. त्यांच्यासमोर आरसा धरावा लागतो. आरशात आकडे उलटे दिसतात, तरी जाऊबाई ते भराभर वाचतात. "एवढी वर्षं या घरात काढली," त्या म्हणतात, "उलटं ऐकून सुलट समजायची सवयच लागली आहे."

हे त्या सासूबाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणतात.

त्यांची कामाची पद्धत ठरलेली. खड्ड्यात उतरायचं, अंगठ्याला फडकं गुंडाळायचं आणि मीटरच्या काचेवर मधोमध एक फेर मारायचा, आकड्यांच्या खिडकीपुरता. मग आकडा मोठ्यानं म्हणायचा, लिहायचा, लिहिलेला परत वाचायचा. आकड्यांची पट्टी तेवढी लख्ख, बाकीची काच मळकी ती मळकीच. घरगुती मीटरला एवढं पुरतं. कडेला असतं काय, तर मीटर बनवणाऱ्याचं नाव. दिवसाला ऐंशी मीटर वाचायची तर नाव पुसत कोण बसणार? बावीस वर्षांत त्यांच्या आकड्यांबद्दल तक्रारी पुष्कळ आल्या, टिकली एकही नाही. त्यांच्याबरोबरचे एक गृहस्थ टपरीवर चहा पीत बसल्या बसल्या अख्ख्या गल्लीची मीटर लिहायचे. खात्यात त्यांना सगळे 'अंदाजे' म्हणत. जाऊबाईंना लोक नुसतं मीटरबाई म्हणतात आणि त्या ते पदवीसारखं मिरवतात.

या सगळ्यात गुडघे मात्र गेले. चोपन्न वय, आणि दिवसातून ऐंशी वेळा वाकायचं. संध्याकाळी घरी आल्या की गरम पाण्याच्या टबात पाय सोडून त्या स्वयंपाकघरात बसतात आणि मी भाजी कशी चुकीची चिरते ते मला सांगतात.

दोन वर्षांपूर्वी शहराच्या कडेला, जुन्या गोदामांच्या जागी, यंत्रघर झालं. लोक फोनवर एआयला प्रश्न विचारतात, पत्रं लिहून मागतात, चित्रं काढून मागतात, ते सगळं करणारी यंत्रं तिथे असतात. हॉलभर कपाटं, कपाटांत यंत्रं. ती तापतात. त्यांना गार ठेवायला वीज लागते, पाणी लागतं, आणि त्यातलं बरंचसं पाणी वाफ होऊन गच्चीवरून निघून जातं. एकही खिडकी नसलेली ती इमारत आणि वरून निघणारी वाफ बघून सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "केवढा मोठा कुकर गं!"

पुढे माझ्या मुलीनं त्यांना फोनमधल्या त्या एआयशी बोलायला शिकवलं आणि सासूबाईंना दिवसभराची सोबत झाली. त्या त्याला 'बोलका' म्हणतात. गुडघेदुखी, जुनी गाणी, शेजारणीनं असं का म्हटलं असेल, सगळं त्याला विचारतात. तो आपल्याच गावातलं पाणी पितो असं जाऊबाईंनी सांगितल्यापासून त्या दोन प्रश्न एका दमात विचारतात. पाणी वाचतं म्हणे.

आमची गल्ली चढावर, यंत्रघराला जाणाऱ्याच जलवाहिनीच्या शेवटाला. मागच्या उन्हाळ्यात आमचा नळ इतका बारीक झाला की एक बादली भरेपर्यंत माझी एक मालिका बघून व्हायची. कुणी म्हणे यंत्रघरामुळे, कुणी म्हणे पाइप जुने झाले. यंत्रघरवाले म्हणत, आम्ही फार थोडं पाणी वापरतो. थोडं म्हणजे किती, ते मात्र सांगत नसत. शेवटी पालिकेच्या सभेत लोकांनी रिकाम्या बादल्या नेऊन वाजवल्या, आणि नियम झाला.

नियम लिहिला पाणीखात्याच्या बाईसाहेबांनी. यंत्रघरानं आपलं पाणी आपणच मोजून सांगायचं नाही. पालिकेचं माणूस दर महिन्याला जाऊन मीटर डोळ्यांनी वाचणार, आणि तो आकडा फाटकाबाहेरच्या बोर्डावर रंगवणार, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. महिन्याचं पाणी हजार युनिटच्या आत असेल, तर यंत्रघराला वाढायची परवानगी. हजाराच्या वर गेलं, तर आधी वापरलेलं पाणी गाळून पुन्हा वापरायची सोय करा, मग बोला. एक युनिट म्हणजे हजार लिटर, हे आमच्या घरात पोरांनाही माहीत आहे.

मोठी मीटर वाचणारे गृहस्थ नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा भरलेली नव्हती. म्हणून काम जाऊबाईंकडे आलं. बाईसाहेब त्यांना म्हणाल्या, "आणखी दोन यंत्रघरं येताहेत. त्यांचे आकडे तपासायला तपासनिसाची नवी जागा काढते आहे. टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा. पहिला महिना तुम्ही नीट वाचून दाखवा, खुर्ची तुमची. मात्र वाचनात चूक झाली तर वर्षभर नाही. नियमातच तसं आहे."

"चूक?" जाऊबाई म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी हा 'चूक?' आम्हाला चार वेळा करून दाखवला.

त्या दिवसापासून घरात खुर्चीशिवाय दुसरा विषय नव्हता. मोठे दीर चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. मोजकं बोलणारा माणूस, पण ते खुर्चीवर घालायला एक उशी घेऊन आले. सासूबाई बोलक्याला विचारून बसायची योग्य पद्धत शिकल्या आणि सुनेला शिकवू लागल्या. आणि मी? खोटं कशाला बोलू! खुर्ची मिळाली की जाऊबाई साडेपाचला घरी येणार आणि रात्रीचा स्वयंपाक त्यांच्याकडे जाणार, हे मी मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं.

पहिल्या महिन्याचा आकडा आला चारशे बारा.

यंत्रघरात आनंदीआनंद झाला. पेंटरनं बोर्डावर ४१२ असा हातभर उंच आकडा काढला. यंत्रघराचे मॅनेजर, तरुण आणि फार गोड बोलणारे, पुढच्या हॉलसाठी अर्ज घेऊन पालिकेत हजर झाले. शुक्रवारी छोटा समारंभ ठरला. पालिका त्यांना 'कमी पाण्याचं यंत्रघर' असा पितळी फलक देणार आणि त्याच वेळी जाऊबाईंच्या जागेचा कागद बाईसाहेब वाचून दाखवणार.

मंगळवारी आम्ही जेवायला बसलो होतो. जाऊबाई त्या दिवशी आमच्याच भागात फिरल्या होत्या.

"कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याचं किती आलं गं थोरले?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना जगाचं पाणी माहीत हवं असतं.

"चारशे तीस."

"आणि त्या कुकरचं?"

"चारशे बारा. किती वेळा सांगू?"

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "म्हणजे जगभरच्या रिकामटेकड्यांना उत्तरं द्यायला चादरी धुण्यापेक्षा कमी पाणी लागतं?"

"आई, मीटर काय माझ्या माहेरचं आहे, माझ्यासाठी खोटं बोलायला?"

"तुझ्या माहेरचं मी नावही काढलं नाही. तूच काढलंस."

मोठे दीर ताटात बघत राहिले. जाऊबाई तोऱ्यात उठल्या, हात धुतले आणि नळाखाली जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. लाँड्रीत सहा यंत्रं. यंत्रघरात कपाटांच्या रांगाच रांगा. मला त्यांची पाठ दिसत होती, आणि पाठीवरूनच कळत होतं की त्या हिशेब करताहेत.

बुधवारी संध्याकाळी त्या आल्या, टबात पाय सोडले आणि गप्प बसल्या. मी कांदा चिरत होते. काही बोलतात का बघावं म्हणून मुद्दाम जाड चिरला. काही नाही. आणखी जाड चिरला. तरी नाही. तेव्हा मात्र मी सुरी खाली ठेवली.

"काय झालं?"

"आज यंत्रघरात गेले होते. उतरले खाली, आणि या वेळी सगळी काच पुसली. कडेपर्यंत." त्यांनी पिशवीतून फडकं काढून मला दाखवलं. काळंकुट्ट झालं होतं. "कडेला लिहिलंय, गुणिले दहा."

"म्हणजे?"

"मोठ्या मीटरचा आकडा दहानं गुणायचा असतो. पाइप मोठा, पाणी फार, आकड्यांची घरं पुरत नाहीत, म्हणून. त्या मीटरवर कडेला तसं लिहिलेलं असतं. मी जन्मभर घरांची मीटर वाचली. मधली पट्टी पुसायची आणि निघायचं. तिथेही तेच केलं."

"म्हणजे चारशे बारा नाही..."

"चार हजार एकशे वीस."

बाहेरच्या खोलीत सासूबाई बोलक्याला काहीतरी विचारत होत्या आणि तो आपला शांतपणे सांगत होता.

आता मी काय म्हणाले ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मी म्हणाले, "जाऊबाई, कुणाला कळतंय? शुक्रवार होऊन जाऊ द्या. खुर्ची पदरात पडली की पुढच्या महिन्यात हळूच नीट करा. पाचशे, सातशे, हजार, असं चढवत न्या."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कांदा नाही, बोट चिरलं आहे.

"मीटर आहे ते. भाव आहे का, चढवत न्यायला?" मग म्हणाल्या, "तेच मी बसमध्ये येताना रस्ताभर स्वतःला सांगत आले, तुझ्यासारखंच. अगदी आकडेसुद्धा ठरवले होते. सहाशे चाळीस, आठशे सत्तर. छान दिसत होते गं. मग आपला स्टॉप आला."

"मग?"

"मग काय. उतरले."

मोठे दीर दारात येऊन उभे होते, केव्हापासून ते कळलं नाही. त्यांनी फडकं हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं. "चष्मेवाल्याची बायको," ते म्हणाले, "आणि काच अर्धीच पुसली."

जाऊबाईंनी टबातलं पाणी त्यांच्या पायावर उडवलं. पण हसल्या. नंतर डोळे पुसले. कांदा समोर होताच, त्यामुळे कुणाला काही विचारावं लागलं नाही.

गुरुवारी सकाळी त्या मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. पिशवी जड आहे." पिशवी रोजच्याएवढीच होती. मी चप्पल घातली.

पाणीखात्याचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. बाईसाहेबांच्या खोलीत नेमके यंत्रघराचे मॅनेजर बसलेले, पितळी फलक दाखवायला आणलेला. मागे भिंतीपाशी एक नवी खुर्ची होती, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली. जाऊबाईंनी तिच्याकडे एकदाच बघितलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. अंगठा, फडकं, मधली पट्टी, कडेचं गुणिले दहा. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही.

बाईसाहेबांनी चष्मा काढला.

"तुम्हाला माहीत आहे ना, नियम काय म्हणतो?"

"पाठ आहे."

"कुणाच्या लक्षात आलं नसतं."

"माझ्या सासूच्या आलं होतं," जाऊबाई म्हणाल्या. "आणि पुढच्या महिन्यात काय लिहिलं असतं? एकदम दहापट आलं, यंत्रांना उन्हाळी लागली?"

बाईसाहेब मॅनेजरकडे वळल्या. "तुमच्याकडे तुमचं स्वतःचं मोजमाप असेल ना हो? तुम्हाला दिसलं नाही?"

मॅनेजरांनी फलक हळूच मांडीवर उलटा केला. "दिसलं होतं, मॅडम. पण नियमाप्रमाणे पालिकेचा आकडा शेवटचा. पालिकाच कमी म्हणतेय म्हटल्यावर आम्ही कशाला भांडायचं?"

"जास्त म्हटलं असतं तर?"

"तर त्याच दिवशी आलो असतो," ते म्हणाले. इतकं सरळ म्हणाले की बाईसाहेबांना हसू आलं आणि मलाही. जाऊबाईंना नाही आलं.

बाईसाहेबांनी कागद पुढे ओढला. वाढीव हॉलचा अर्ज परत. आधी वापरलेलं पाणी गाळून पुन्हा वापरायची सोय, मग अर्ज. बोर्डावरचा आकडा उद्याच्या उद्या बदलायचा. हे सगळं त्यांनी भराभर लिहिलं. मग पेन थांबलं.

"जागेचं मात्र मला काही करता येणार नाही, मीटरबाई. मीच लिहिलेला नियम मीच मोडला तर उद्या हे साहेब मला मोडायला सांगतील. वर्षभर खुर्ची रिकामी ठेवते. दुसऱ्या कुणाला देत नाही. एवढंच माझ्या हातात."

"ठीक आहे," जाऊबाई म्हणाल्या. "म्हणजे अजून वर्षभर खड्ड्यात मीच उतरायचं?"

"तुम्हीच."

"मग आणखी एक लिहा. तुमच्या नियमात आहे, मीटर वाचणाऱ्याला नीट वाचता येईल अशा जागी हवं. यांचं मीटर माझं डोकं बुडेल एवढ्या खोल खड्ड्यात आहे. उतरायला भिंतीत ठोकलेल्या तीन सळया, तिसरी हलते. एका हातात टॉर्च, एका हातात सळई. काच पुसायला तिसरा हात मी कुठून आणू? चूक माझीच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पायऱ्या पाहिजेत. कठड्यासकट."

मॅनेजर म्हणाले, "पायऱ्या? त्याला तर मुख्य ऑफिसची मंजुरी..."

"नियम आहे," बाईसाहेब म्हणाल्या आणि लिहिलंही. "आणि यापुढे मोठं मीटर दोघांनी वाचायचं. दोघांचा आकडा जुळला तरच धरायचा. माझ्याकडे माणसं नाहीत, तेव्हा दुसरं माणूस त्या जलवाहिनीवरच्या वस्तीतलं कुणीही चालेल." त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "या कोण?"

"ही माझी धाकटी जाऊ."

"घरातलं माणूस?" मॅनेजर खुर्चीत सरळ झाले. "मॅडम, हे कसं चालेल? एकमेकींचं झाकतील."

"जावा?" बाईसाहेब म्हणाल्या. "तुमचं लग्न व्हायचंय वाटतं अजून. जावेची चूक जाऊ झाकत नाही हो, गल्लीभर सांगते."

सगळे हसले. मीही हसले, पण कानशिलं तापली. आदल्या संध्याकाळचं कांद्यापाशी बोललेलं त्या खोलीत आम्हा दोघींनाच माहीत होतं. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या नुसत्या म्हणाल्या, "चालेल ही. डोळे चांगले आहेत हिचे."

शुक्रवारी समारंभ झाला नाही, पण गर्दी झाली. आमच्या गल्लीतले झाडून सगळे पेंटरची गंमत बघायला यंत्रघराच्या फाटकापाशी जमले. सासूबाईंना रिक्षानं आणलं होतं. बोलका राहतो ते घर एकदा बाहेरून तरी बघायचं, असा त्यांचा हट्ट होता.

पेंटर शिडीवर चढून डोकं खाजवत होता. "आधी सांगायचं ना राव! तीनच आकडे म्हणून ऐसपैस काढले मी. आता चौथा कुठे बसवू?"

"पुसून परत काढ," मॅनेजर म्हणाले.

"ऑइल पेंट आहे साहेब, पाटी नाही. पुसायचं तर बोर्ड खाली घ्यावा लागेल, चार दिवस."

"चार दिवस नाही," बाईसाहेबांनी पाठवलेला कारकून म्हणाला. "आजच. लेखी आहे."

मग पेंटरनं ते शून्य बोर्डाच्या चौकटीबाहेर, फाटकाच्या खांबावर काढलं. खांब गोल, त्यामुळे शून्यही जरा पोट सुटल्यासारखं झालं. लाँड्रीवाले उगाचच छाती काढून उभे होते. आपल्या चादरींची बेअब्रू टळल्यासारखं वाटत होतं त्यांना. सासूबाईंनी आकडा एकेक अंक करत मोठ्यानं वाचला.

"आणि तो फलक? पितळी होता ना?" त्यांनी मॅनेजरना विचारलं.

"हो, आजी. पडून आहे."

"त्याच्या मागे नाव नसेल तर चहाचा ट्रे करा. पितळ वाया घालवू नये."

जाऊबाई मागे, भिंतीच्या सावलीत उभ्या होत्या. लोक त्यांच्याकडे बघून कुजबुजत होते. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या नावाची चूक एवढी मोठी, ऑइल पेंटमध्ये, गावाला दिसत होती. मला वाटलं, आता त्या घरी चल म्हणतील. पण त्या पुढे गेल्या, शिडी धरली आणि पेंटरला म्हणाल्या, "शून्याची खालची बाजू राहिली बघ. अर्धवट सोडू नकोस. मला त्याचा अनुभव आहे."

महिनाभरात पायऱ्या झाल्या. मुख्य ऑफिसची मंजुरी लागली की नाही कुणास ठाऊक. सिमेंटच्या सात पायऱ्या, एका बाजूला लोखंडी कठडा. यंत्रघराच्या मागे पाणी गाळायच्या टाक्यांसाठी खणायलाही सुरुवात झाली. आमचा नळ अजून काही फार जाड झालेला नाही. बादली भरेपर्यंत मालिका संपत नाही एवढंच, जाहिराती आल्या की उठावं लागतं. रात्रीचा स्वयंपाक अजून माझ्याकडेच आहे, आणि जाऊबाई अजून टबात पाय सोडून मी काय चुकते ते सांगतात.

दुसऱ्या वाचनाच्या दिवशी आम्ही दोघी गेलो. मी नवी वही घेतली होती, उगाच जुनी नको म्हणून. वर मॅनेजर उभे, हातात त्यांचा स्वतःचा आकडा लिहिलेला कागद, घडी घालून.

जाऊबाई कठडा धरून खाली उतरल्या, सावकाश, पण सरळ. पाठोपाठ मी. खाली गारवा होता, ओल्या सिमेंटचा वास होता, आणि पाइप इतका जाड की मला वाटलं मीटर कुठे आहे ते आधी विचारावं. जाऊबाईंनी फडकं संपूर्ण तळहातावर पसरलं आणि काच पुसायला घेतली. मधून सुरुवात करून कडेपर्यंत, मग कडेनं गोल, मग पुन्हा मध्ये. मी एवढी निगुतीनं आमची शोकेसची काच कधी पुसली नाही.

"हं. वाच. आधी कड."

"गुणिले दहा."

"मोठ्यानं. वर ऐकू गेलं पाहिजे."

"गुणिले दहा!"

वरून मॅनेजर म्हणाले, "ऐकलं, ऐकलं."

मग आकडे. डावीकडून उजवीकडे मी एकेक वाचत गेले आणि शेवटच्यापाशी अडले. शेवटचं चाक फिरत होतं. आठ अर्धा वर गेला होता आणि खालून नऊ डोकावत होता.

"नऊ," मी म्हणाले.

"आठ," जाऊबाई म्हणाल्या.

"जाऊबाई, नऊच दिसतोय."

"डोकावतोय. आलेला नाही. पूर्ण आल्याशिवाय धरायचा नाही."

"मला जे दिसतंय ते मी सांगते. तुम्हीच म्हणालात, डोळे चांगले आहेत म्हणून."

वर मॅनेजर घडीचा कागद उघडून पुन्हा घडी घालत होते. जाऊबाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असं वाटलं मला. मग त्यांनी चष्मा नाकावर घट्ट बसवला, टॉर्च माझ्या हातात दिला आणि काचेला नाक लागेल एवढ्या वाकून परत बघितलं. बराच वेळ.

"आठच आहे," त्या म्हणाल्या. "ये, अशी बाजूनं बघ. वरून बघू नकोस. दिसला?"

मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून वाकले. बाजूनं बघितल्यावर आठ स्पष्ट होता, खालची गोलाई अजून खिडकीतच होती.

"दिसला. आठ."

"माझ्यासाठी म्हणत नाहीस ना?"

"छे! तुमच्यासाठी म्हणायचं असतं तर पहिल्यांदाच म्हटलं असतं."

त्यावर त्या खुदकन हसल्या. खड्ड्यात ते हसू दुप्पट मोठं वाटलं. "लिही मग," त्या म्हणाल्या. "आणि खाली सही कर. पूर्ण नाव, वाचता येईल असं."

मी वही गुडघ्यावर ठेवली आणि आधी आकडा लिहिला, मग नाव.